पाइनच्या फळ्या

९ ऑक्टोबर, शुक्रवार

जमिनीला लाकूड पाइनचंच. ठरलं.

दुकानदार समजावत होता, "बाई, पाइन नरम असतं. खुर्ची ओढली की ओरखडा, वाटी पडली की खळगा. जरा टणक लाकूड घ्या, नातवंडांपर्यंत टिकेल." म्हटलं, अहो, मुलंच नाहीत, नातवंडं कुठून आणू? बिचारा ओशाळला.

पण मला नरमच हवंय. मागच्या हिवाळ्यात आई गुळगुळीत फरशीवर पडली आणि खुबा मोडला. फरशीला दयामाया नसते. लाकूड निदान थोडं दबतं.

धाकट्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या गावी असतो, खर्च तोच करतोय. "आईसाठी काय वाट्टेल ते. तू म्हणशील ते घे, ताई. तुझी नजर चांगली आहे." एवढा गोड कधीपासून झाला?

११ ऑक्टोबर, रविवार

नमुने घरी आणले. आईला एकेका तुकड्यावर अनवाणी उभं केलं. माझा खांदा घट्ट धरून. पाइनवर थांबली. "हे ऊबदार आहे गं." मग खाली वाकून पाहिलं – "पण या गाठी कसल्या? चेहऱ्यावर वांग आल्यासारखं दिसतंय."

मला गाठी आवडतात. तिथून कधीतरी फांदी फुटली होती. तरी तिच्यासाठी कमी गाठींचं सांगितलं. वरून नुसतं तेल. चकचकीत पॉलिशवर पाय सरकतो.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

फळ्या आल्या! सगळ्या घराला लाकडाचा वास.

सुतार म्हणतो, लगेच ठोकायच्या नाहीत. ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत आधी आठवडाभर पडू द्यायच्या. तिथली हवा, तिथला ओलावा अंगवळणी पडला की मग. नाहीतर पुढे फुगतात, फटी पडतात.

नव्या सुनेला तरी इतका वेळ कोण देतं? मला नव्हता दिला. असो. परत आले त्यालाही बरीच वर्षं झाली. आता घर म्हणजे हेच – आई आणि मी.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

काल आनंदाच्या भरात लक्षातच आलं नाही. फळ्या फक्त बाहेरच्या खोलीत आणि जेवणाच्या खोलीत आहेत. आईच्या खोलीत एकही नाही!

सुताराला फोन केला. म्हटलं, मुख्य खोलीच विसरलात. तो म्हणाला, "विसरलो नाही, ताई. तुमच्या भावांनी तेवढंच सांगितलंय. फोटोत येतील तेवढ्याच खोल्या."

कसले फोटो?

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

१७ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. आधी बराच वेळ "अगं, ऐक तर." मग एका दमात – घर विकायचंय, लाकडी जमीन असली की गिऱ्हाईक लवकर मिळतं.

"आईसाठी म्हणाला होतास ना?"

"आईसाठीच. ती माझ्याकडे येईल. तुझ्याच्याने किती दिवस होणार?"

"आणि मी?"

"तुझं काय, ताई? कमावती आहेस, एकटा जीव. छोटीशी जागा बघू तुला."

बघू म्हणे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस कुठला चांगला, ते बघायला मी दुकानं पालथी घातली.

रडूही आलं नाही. फळ्यांच्या चळतीवर बसून राहिले.

१८ ऑक्टोबर, रविवार

घर आईच्या नावावर आहे. ती नाही म्हणाली की विषय संपला. पण तिला सांगायचं कसं? लाडक्या लेकाने असं केलं हे ऐकून ती कोसळेल. दिवसभर शब्द जुळवले. जेवताना दोनदा तोंड उघडलं. "मीठ हवंय का?" म्हणाली. हो म्हटलं.

१९ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगितलं. तिचा हात हातात घेऊन, हळूहळू.

"माहीत आहे," आई म्हणाली. "सही केली मी, मागेच. मीच त्याला म्हटलं, तिला इतक्यात सांगू नकोस. कळलं तर ती इतक्या मायेने निवडायची नाही."