देवनहळ्ळीची मंडळी

७ जानेवारी २०२४, रविवार
छावणीच्या मराठी मंडळीत आज शेवटचा उपदेश केला. बावीस वर्षं पाळक होतो, चर्चने दिलेल्या पार्सनेजमध्ये राहिलो. निरोपाचं पत्र वाचलं. लोक फार हललेले दिसले. सेक्रेटरी विलास उठून म्हणाला, साहेब, पार्सनेजच्या किल्ल्या कधी देताय? भावना लपवायची ही त्याची पद्धत.

देवनहळ्ळीत नवी मंडळी उभी करणार. एअरपोर्टमुळे शहर तिकडे वाढतंय, रोज नवीन लेआउट पडतोय, पुण्या-मुंबईची मुलं फ्लॅट घेतायत. मराठी उपासना तिथं एकही नाही. माझ्या बायकोचं, विद्याचंही हेच स्वप्न होतं. तिने तसं कधी म्हटलं नाही, पण शेवटी शेवटी विरोधही केला नाही. तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

२१ जानेवारी
हॉल मिळाला. खाली सिमेंटचं दुकान, वर हॉल. किल्ली यल्लाप्पाकडे असते. त्याला साठ खुर्च्या मांडायला सांगितल्या, त्याने दहा मांडल्या. मोडक्या हिंदीत म्हणाला, सार, स्वल्प थांबा, आधी माणसं येऊ देत. दृष्टान्त सगळ्यांनाच दिसत नाही. उरलेल्या पन्नास मी मांडल्या.

विद्याला जाऊन पाच महिने झाले. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.
रोज पाच घरांना भेटी द्यायच्या. कन्नड शिकायचं. स्वयंपाक स्वतः करायचा.

४ फेब्रुवारी, दुपारी ४
पहिली उपासना. सहा जण! महिला मंडळाच्या प्रमोदिनीबाई नि त्यांचे यजमान, सुहास, अमृता आणि त्यांच्या दोन मुली. सगळे जुन्या मंडळीतले. माझ्यामागे या असं मी कोणालाच म्हटलं नव्हतं. तरी चाळीस किलोमीटर आले. उपासनेनंतर डबे उघडून सगळे माझ्यासोबत जेवले. उपदेश पन्नास मिनिटं. सुहासच्या धाकटीने मध्येच विचारलं, अजून किती आहे? मुलांना वचनाची गोडी लागलीय.

११ फेब्रुवारी
आज वेगळीच दोन कुटुंबं आली. म्हणजे एकूण चार झाली. ह्यांनीही डबा आणला होता. वांग्याची भाजी होती, विद्या करायची तशी नाही. लोक इतक्या लांबून येतात तर पन्नास मिनिटांत पाठवणं बरोबर नाही. सत्तर केली.

२५ फेब्रुवारी
दर रविवारी दोन कुटुंबं, दर वेळी नवी. काम खोल जाण्याआधी पसरतंय. सुहासला फोन करून जरा कडक बोललो, एकदा येऊन थांबलात ते का? तो म्हणाला, साहेब, आमचा रविवार झाला की. आता जूनमध्ये. आयटीवाले सगळं सहा-सहा महिने आधी ठरवतात. मंडळीतही ही शिस्त हवी.

१४ मार्च
भेटी. चार अपार्टमेंटच्या गेटवर सिक्युरिटीने अडवलं. पाचव्यात नागपूरचं एक हिंदू जोडपं भेटलं, मुकुल नि प्रांजली. कुरिअर समजून दार उघडलं. मराठी ऐकून आत बोलावलं, चहा दिला. मी मंडळीचं सांगायला लागलो. प्रांजली म्हणाली, काका, पोळ्या करणारी कोणी माहीत आहे का? संबंध जुळला. पुन्हा जाईन.

कन्नडचं पुस्तक पान तीनवर.

३१ मार्च, ईस्टर
आज फक्त सिद्धी आली. व्हाइटफील्डहून दुपारीच निघाली होती. विद्या गेल्यापासून ती चर्चला गेली नव्हती, आज माझ्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली. बापाच्या सेवेने मुलगी परत आली. उपदेशभर मोबाइलवर काही लिहीत होती, मुद्देच असणार. जेवताना म्हणाली, बाबा, तुम्ही वाळलात. मग म्हणाली, हे किती दिवस करणार आहात? मी म्हटलं, मंडळीला अंत नसतो. ती डबा पुसत बसली.

एकोणसाठ खुर्च्या रिकाम्या होत्या असं यल्लाप्पा म्हणाला. त्याला मोजायला कोणी सांगितलं नव्हतं.

१९ मे
विलास आला! सेक्रेटरी स्वतः. लग्न केलेलं नाही, म्हाताऱ्या वडिलांसोबत राहतो, घरात स्वयंपाक करणारं कोणी नाही, म्हणून हॉटेलातून इडली बांधून आणली. उपदेशात झोपला. उठवल्यावर म्हणाला, साहेब, तिकडचा नवा पाळक पंचवीस मिनिटांत आटपतो. मी म्हटलं, बिचारे लोक. तो म्हणाला, हो, इतके येतात की बसायला जागा मिळत नाही.

जाताना म्हणाला, तुमचा हट्ट विद्याताईंनी बावीस वर्षं कसा निभावला ते देवालाच ठाऊक. कौतुक करायची ही त्याची पद्धत.

९ जून
सुहास, अमृता खरंच जूनमध्ये आले. वचन पाळणारी माणसं. धाकटी आली नाही, तिने रडून गोंधळ घातला म्हणे. तिच्यासाठी प्रार्थना केली, वीस मिनिटं.

स्वयंपाकघरात एकवीस डबे साठलेत. धुऊन ओळीत लावलेत. माणूस परत येणार असला तरच डबा मागे ठेवतो.

१४ जुलै
हिशेब केला. आतापर्यंत छत्तीस कुटुंबं येऊन गेली. काही दोनदा. स्थानिक अजून कोणी नाही, पण पाया भक्कम आहे. १८ ऑगस्टला स्थापनेची उपासना ठेवतो. छत्तीसही कुटुंबांना एकदम सभासद करून घ्यायचं. कार्डं छापायला दिली. नाव: देवनहळ्ळी मराठी मंडळी. खाली बारीक अक्षरात विद्याच्या स्मरणार्थ घालू का, असं प्रिंटरने विचारलं. त्याला कोणी सांगितलं कळेना. मीच बोललो असेन.

११ ऑगस्ट, रविवार
विद्याला वर्ष झालं. प्रमोदिनीबाई एकट्याच आल्या. उपासना झाली, जेवण झालं. मग त्यांनी घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तारखा आणि नावं. प्रत्येक रविवारपुढे दोन. ईस्टरपुढे: कोणी मोकळं नाही, सिद्धीला सांगणे.

म्हणाल्या, पाळकसाहेब, आज पूर्ण झालं. विद्याताईंनी हॉस्पिटलमध्ये, बोलणं जाण्याआधी, माझा हात धरून सांगितलं होतं, वर्षभर ह्यांना रविवारी एकटं जेवू देऊ नका. पार्सनेजमध्ये सोपं होतं. तुम्ही इथे आलात, मग आम्ही कॅब केल्या.

मी म्हटलं, आणि उपासना? त्या म्हणाल्या, ती जेवणाआधी असायची ना.

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, तुम्हाला माहीत नव्हतं? मग इतक्या लांबून लोक कशाला येतात असं वाटत होतं तुम्हाला?

मी म्हटलं, माहीत होतं.

सगळे डबे पिशव्यांत भरून त्या घेऊन गेल्या. दोन माझे होते.

१३ ऑगस्ट
कागद पुन्हा वाचला. छत्तीस कुटुंबं, नावं, फोन नंबर. सभासदांची तयार वहीच आहे. देव असंही काम करतो. कार्डं पाठवली. सिद्धीचा फोन आला, बाबा, प्लीज नको. तिलाही कार्ड पाठवलं.

१८ ऑगस्ट, रात्री ८
साठ खुर्च्या. चारला सुरू करायचं होतं, साडेपाचपर्यंत थांबलो. ट्रॅफिक असेल. मग उपदेश केला, पूर्ण. यल्लाप्पा किल्ली घेऊन दारात उभा होता, त्याला मराठी येत नाही. संपल्यावर म्हणाला, सार, आयतु? झालं? सव्वासातला लाइट बंद केले.

जेवलो नाही. खरं म्हणजे काही नव्हतं.

२७ ऑगस्ट, मंगळवार
प्रमोदिनीबाईंचा फोन. मला वाटलं, मंडळी उशिरा जागी झाली. पण विलासचे वडील गेले. घरात आता तो एकटाच, म्हणून नवी यादी केलीय. बुधवारी कोणी मिळत नाही. तुमचं नाव घालू का? डबा आम्ही देऊ. तुम्ही फक्त त्याच्यासमोर बसून जेवायचं.

मी म्हटलं, थोडं वचन, थोडी प्रार्थना? त्या म्हणाल्या, साहेब, तो आधी नकोच म्हणाला होता. कुणीही पाठवा, पाळकसाहेब नको, असं. एकटाच जेवीन म्हणाला. मग मी समजावलं तेव्हा कबूल झाला, पण तुम्ही तोंड उघडायचं नाही ह्या अटीवर.

किती वाजता पोचायचं ते विचारून घेतलं. साडेबारा.