गेलेल्यांच्या नावांचं पान

१२ मार्च, मंगळवार
घोळ करून ठेवला. प्रार्थनाघराचा जुना ग्रंथ बांधणीला आला होता — शेवटचं पान गेलं. सरसाचं भांडं कलंडलं, पान पुठ्ठ्याला चिकटलं, सोडवताना चिंध्या. नेमकं तेच! समाजातल्या गेलेल्या माणसांची नावं, चार पिढ्यांनी हाताने लिहिलेली; ग्रंथात सुटंच ठेवलेलं पान. दर रविवारी वाचतात.

चिंध्या शेगडीत टाकल्या. ग्रंथ शिवून काकांच्या हातात दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, प्रार्थनाघराची देखभाल तेच करतात. उघडूनही पाहिला नाही. ''तुझं काम म्हणजे बघायलाच नको,'' म्हणाले.

१७ मार्च, रविवार
नावं वाचायला घेतली आणि पान नाही. बायकोची आई त्या पानावर होती. बायको रडली.

प्रमुखांनी काकांना विचारलं, ग्रंथ वाटेत कुठे ठेवला होतात? काका म्हणाले, चहाला थांबलो तेव्हा बाकावर होता. झालं. सगळ्यांना आयतं कारण मिळालं. काका, आठवून बघा. वारा होता का? ग्रंथ उघडला होतात का? सगळे प्रेमानेच विचारत होते.

मीही विचारलं. हो, मीसुद्धा. दातखीळ बसली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च
जेवताना बायको — ''त्यांना आता झेपत नाही, वय झालं.'' मी मीठ मागितलं.

२४ मार्च, रविवार
आमच्यात नियम आहे. ज्याने उभं राहून चूक कबूल केली त्याला सगळ्यांनी हात जोडून माफ करायचं. विषय तिथेच संपला.

आज काका उभे राहिले. ''पान माझ्या हातून गेलं. वाऱ्याने उडालं. क्षमा करा.'' सगळ्यांनी हात जोडले. मीही. नंतर प्रमुखांनी देखभालीचं काम काढून घेतलं, आता विश्रांती घ्या म्हणाले.

काकांना सगळं माहीत असणार. मला वाचवताहेत. त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

२५ मार्च
गेलो नाही.

२८ मार्च, गुरुवार
गेलो. काका मटार सोलत बसले होते. सगळं सांगितलं — सरस, चिंध्या, शेगडी.

काका हसले. ''अरे, ते पान उडताना मी बघितलंय. रस्त्यापलीकडे गेलं. गुडघे धड असते तर धावलो असतो.''

त्यांना खरंच दिसतंय ते! आठवून बघा, आठवून बघा करत आम्हीच त्यांच्या डोक्यात घातलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ''माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, पाप लागेल. थांब, तुझ्यासाठी प्रार्थना करतो.'' आणि डोळे मिटून माझ्या खोट्याबद्दल क्षमा मागितली.

जन्मात इतकं खरं बोललो नव्हतो. आता मला माफ कोण करणार? ज्यांनी करायचं, त्यांच्या लेखी मी काही केलंच नाही. रविवारी उभा राहीन. निदान काकांवरचा ठपका तरी जाईल.

३१ मार्च, रविवार
उभा राहिलो. सगळं सांगितलं. काका मान हलवत म्हणाले, ''ऐकत नाही हा.'' प्रमुखांनी डोळे पुसले — ''म्हाताऱ्या माणसाचा दोष अंगावर घेतोय. याला म्हणतात मन.'' सगळ्यांनी हात जोडले. बायको अभिमानाने बघत होती. काकांचं काम मला दिलं.

''खरंच मीच,'' एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा बोललो नाही.