भार बाजूला का पळतो

३ मार्च, सोमवार
सुटलं! सकाळपासून हट्टाला पेटलेलं समीकरण दुपारी एकदाचं सुटलं. चहा गार झाला, पण होऊ दे.

क्रेनला टांगलेला भार कुठे आहे हे सांगायला तीन आकडे पुरतात — मधल्या खांबापासून किती लांब, किती वळलेला, जमिनीपासून किती उंच. आर, थीटा, झेड. क्रेनला तरी दुसरं काय येतं? आडव्या हातावरची ट्रॉली आत-बाहेर, हात गोल, हुक वर-खाली. मग गणित तिच्याच चालीने करावं ना! उगाच चौकोनी आलेखात कोंबून डोक्याला ताप कशाला?

५ मार्च
ताई जेवायला आली होती. ती क्रेन चालवते, मी क्रेनची गणितं करते. आई म्हणते, "एकीने वर चढायचं, दुसरीने खाली बसून अक्कल शिकवायची." खरंच आहे!

ताईला विचारलं, हात वळत असतानाच ट्रॉली बाहेर सोडली तर?
"भार बाजूला पळतो. कुणी सांगितलंय? मी एका वेळी एकच चाल करते."

तेच तर! कुणी ढकलत नाही, तरी पळतो. फिरत्या चक्रावर मधून कडेकडे चालून बघावं — कडेला वेग जास्त लागतो, तो आपल्यापाशी नसतो, म्हणून आपण मागे पडतो. गणितात त्याचं एक पद आहे: दोन गुणिले बाहेर जायचा वेग गुणिले वळायचा वेग. तेवढा 'दोन' विसरला की सगळं मुसळ केरात. क्रेनवर बसवायला मी बनवलेलं यंत्र तो विसरत नाही. दोन्ही चाली एकदम चालू देतं आणि भार मागे रेंगाळायच्या आत वेग आवरतं.

"आणि चाचणीत नापास झालं तर?" ताईने विचारलं.
"तर मी जन्मभर दुसऱ्यांचे नकाशे तपासणार."
हसले मी. ती नाही हसली.

७ मार्च
चाचणी मंगळवारी. साहेब म्हणाले, "केबिनमध्ये कोण?" म्हटलं, माझी ताई. दुसरं कोण!

११ मार्च, मंगळवार
पास!!

सिमेंटचा ठोकळा उचलला, हात वळायला लागला, ट्रॉली बाहेर — दोन्ही एकदम. ठोकळा वीतभर झुलला आणि थांबला. माझ्या हिशेबाने तेवढाही झुलायला नको होता. वारा असेल. साहेबांनी जागेवर सही केली. "सोमवारपासून सगळ्या क्रेनवर बसवा!" मला उडी मारावीशी वाटली. मारलीही, जिन्यामागे जाऊन.

ताई उतरली ती घामाने भिजलेली. शिडी चढून-उतरून होतं म्हणे. मी तिला मिठी मारली तर म्हणाली, "बरं बरं, पुरे."

१३ मार्च
बागेत पोरं गोल घसरगुंडीवर खेळत होती. तिथे आर पक्का, थीटा आणि झेड बदलतात. कडेची भिंत आत रेटते म्हणून पोर बाहेर उडत नाही. कारखान्यातला यंत्रहात घ्या, पाण्याचा पंप घ्या — जिकडेतिकडे माझीच समीकरणं! गर्वाचं घर खाली म्हणतात. असू दे, माझं भाड्याचं आहे.

१६ मार्च, रविवार
ताई आली. बसलीच नाही.

"रागावू नकोस. त्या दिवशी तुझं यंत्र मी चालूच केलं नव्हतं. फसलं असतं तर तुझं नाव गेलं असतं गं. भार हातानेच सांभाळला."

गणित बरोबर असेलही. पण यंत्र भार सांभाळताना अजून कुणी पाहिलेलंच नाही — मीसुद्धा. आणि उद्या ते सगळ्या क्रेनवर, खाली माणसं.

साहेबांना फोन केला. म्हटलं, "माझं यंत्र बसवू नका."