वीराचा उजवा हात

प्रिय सदाशिव,

पोस्टरवर तुझं नाव वाचलं. आपल्या चित्रकथेतल्या वीराचा हा तिसरा सिनेमा, आणि याही वेळी माझं नाव नाही. पुरावा तरी कुठून आणू? गारखेड्यातल्या तुझ्या खोलीत मी गोष्टी कधी लिहिल्याच नाहीत. सभेत बोलावं तसं उभ्यानं बोलत गेलो आणि तू चित्रं काढत गेलास. अन्यायाविरुद्ध बोलताना माझा उजवा हात आपोआप वर जायचा. तोच तू वीराला दिलास.

काल क्रांती चौकात पाण्यासाठी सभा होती. बोलता बोलता हात वर गेला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ओ तात्या, पिक्चरची नक्कल नका करू!" सगळे हसले. ज्यांचे नळ कोरडे होते, त्या बायाही हसल्या. आयुष्यभर सभा पेटवल्या, पण त्या हसण्यापुढं मी हात खाली घेतला आणि भाषण आटोपलं.

घरी तुझी अंबिकावहिनी चिडली. "तुमचाच हात हाय तो, सांगा की लोकांला!" कुणाकुणाला सांगू? दमलोय रे.

उद्या तुझा सत्कार आहे आणि मुख्य भाषण माझं. मनापासून बोलेन. फक्त उजवा हात खिशात ठेवीन. हे पत्र तुला सत्कारानंतरच देईन; त्याआधी तुझ्या लक्षात येतं का, एवढंच पाहायचंय.

तुझ्या चित्रांच्या आधीचा,
वैजनाथ