चांदणीभोवतीचं रिंगण

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

चि. वकीलसाहेब,

प्रभूच्या नावाने सलाम. तू खुशाल असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तुझं पत्र येऊन आज एकोणीस दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. मध्ये थंडी होती, मग दाढ ठणकत होती. दाढ शेवटी काढली. दंतवैद्य म्हणाले, "आजोबा, आता मोजून अकरा राहिले." मी म्हटलं, "मग संघ पुरा झाला, बारावा गडी हवाय कशाला?" त्यांना काही हसू आलं नाही. तू हसली असतीस.

आपल्या चष्म्याच्या दुकानात आता मोबाईलवाला बसतो. माझी अक्षरांची पाटी त्याने भिंतीवर तशीच ठेवली आहे. परवा सहज आत गेलो तर म्हणाला, "अप्पा, वाचून दाखवा बरं." मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली, बिनचष्म्याने. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्याने टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिथून कधी निघतो असं झालं.

आईच्या मातीला तू कबरस्तानाच्या फाटकापाशी उभी होतीस. चर्चची मंडळी देवाची गाणी गात होती, तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तिचे डोळे नेले त्याने, आणि तुम्ही त्याचीच गाणी गाता?" मग पाठ फिरवलीस ती सहा वर्षं. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा अक्षर ओळखलं आणि मी तिथेच पायरीवर बसलो.

तुझं पत्र मला पाठ झालंय. शाळेत असताना कविता पाठ करायची खोड लागली, ती अजून गेली नाही. तू लिहिलंस: "अप्पा, परवा कारखान्यातून सुटले, बसथांब्यावर उभी होते. सहज वर पाहिलं, तर शुक्राभोवती रंगीत कडं. बाहेरून तांबडं, आतून निळं. रस्त्याच्या दिव्यांनाही तसंच. आई सांगायची तस्संच! मी भर गर्दीत रडले. घरी येऊन गुडघे टेकले. डोकं जरा दुखतं, पण ते दिवसभर काळ्या कापडावर काळा दोरा शिवून. फेब्रुवारीअखेर रजा मिळतेय. घरी येते. मंडळीपुढे उभी राहून साक्ष देते, आईने दिली तशी."

पाळकसाहेबांना मी हे सांगितलेलं नाही. पण तुझी खोली झाडली. गादी उन्हात टाकली. नवीन उशी आणली.

तुला आपली गच्ची आठवते? जेवणं उरकली की मी सतरंजी घेऊन पुढे, तुझी आई मागून. "कवीराज, पोट चांदण्यांनी भरत नाही हो. उद्याच्या काचा घासून झाल्यात का?" असं म्हणत यायची, पण यायची. मी तुम्हाला एकेक तारा दाखवायचो आणि म्हणायचो, बघा, हे सगळं नुसत्या शब्दाने झालं. देव 'हो' म्हणाला आणि झालं. तू विचारायचीस, "मग शब्दाच्या आधी काय होतं?" तेव्हापासून तू वकीलसाहेब.

तू बारा वर्षांची होतीस त्या वर्षी एका संध्याकाळी आई म्हणाली, "अहो, आज तारे असे का दिसतायत? प्रत्येकाला इंद्रधनुष्याचं कडं आहे." मी विचारलं, "खरंच?" ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू?" माझ्या अंगावर काटा आला. उभा जन्म मी आकाशात देवाचा महिमा शोधला आणि मला दिसले ते नुसते ठिपके. तिला, जिने कधी शोधला नव्हता, तिला आपण होऊन दिसला! तिथेच ओळी जुळल्या:

चांदणीच्या भोवताली सात रंगांचं रिंगण,
उजळलं तुझ्या डोळी माझ्या देवाचं अंगण.

तू डोळे ताणताणून बघत होतीस. "मला का नाही दिसत?" मी म्हटलं, "मन निर्मळ झालं की दिसेल." तू त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडलीस, हे आईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आता एक्केचाळिसाव्या वर्षी तुला वाटतंय, झालं मन निर्मळ.

बाळ, नाही गं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काचा लावण्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात. माझ्या उस्तादांनी ते डोक्यात टपल्या मारून मारून शिकवले. तिसरा प्रश्न: दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? हो म्हटलं की चष्मा करायचा नाही, घडीभर बसवून ठेवायचं नाही, सरळ डोळ्यांच्या इस्पितळात धाडायचं. काचबिंदूची शंका. डोळ्यात दाब वाढतो, पाणी तुंबतं, म्हणून ती कडी. मी तो प्रश्न चाळीस वर्षं विचारला. कितीतरी जणांना उठवून इस्पितळात पाठवलं. एक बाई तर भांडली होती, "चष्मेवाले असून चष्मा विकायचा नाही म्हणता?" तिचे डोळे वाचले.

घरात मला हे सुचलंच नाही, असं मी तीन कागदांवर लिहिलं. तिन्ही फाडले.

सुचलं होतं. चौथ्या संध्याकाळी सुचलं. पण मधल्या रविवारी मी मंडळीत उभं राहून, हिला देवाचा महिमा दिसतो, असं सांगून बसलो होतो. ज्या मंडळीत मला 'चष्मेवाला कवी' म्हणून हसायचे, तिथे त्या दिवशी टाचणी पडली तर ऐकू आली असती. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या रविवारी बाईंनी स्वतः साक्ष द्यावी. मी मनाशी म्हटलं, एवढी साक्ष होऊ दे, मग नेऊ. साक्ष झाली. लोक घरी येऊ लागले. कुणी तिचा हात डोक्यावर ठेवून घ्यायचं. ती लाजायची. आणि मी, जो त्यांना उठून सांगू शकत होतो, तो खुर्च्या मांडत होतो. ती म्हणायची, "अहो, कपाळ ठणकतंय." मी बाम चोळायचो. आठ महिने, वकीलसाहेब. आठ महिने बाम.

आणखी एक आहे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, त्याने हा दाब वाढतो. हेही मला ठाऊक होतं. आणि मी तिला रोज संध्याकाळी, सगळे दिवे मालवून, गच्चीवर नेत होतो.

शेवटी एक दिवस ती ओकली आणि म्हणाली, सगळं धुरकट झालंय, तेव्हा नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळे तपासले. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, माझा तिसरा: "आधी कधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का?"

तुझ्या आईने मान वळवली. तिला मी दिसत नव्हतो, तरी बरोबर माझ्या दिशेला. म्हणाली, "नाही."

त्या एका प्रश्नावरून तिला सगळं कळलं होतं. बाहेर आल्यावर एवढंच बोलली, "कवीराज, पायरी कुठे आहे ते सांगत चला." पुढे तेवीस वर्षं मी पायऱ्या सांगितल्या. तिने त्या विषयाचा एक शब्द काढला नाही. मीही नाही. तू मला विचारायचीस, देवाने असं का केलं, आणि मी म्हणायचो, त्याची इच्छा. तू देवाला सोडलंस ते माझ्या या उत्तरापायी. त्याच्या नावावर मी माझं पाप खपवलं. आणि तिच्या थडग्यावर त्याच दोन ओळी कोरून घेतल्या. मंडळी तिथे फुलं ठेवते आणि वाचून डोळे पुसते.

म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं एका वाचनात कळलं. हा विकार रक्तातून येतो. कळूनही मी एकोणीस दिवस गादीला ऊन दाखवत बसलो. तू येणार होतीस ना. दोनदा फोन लावला. तू "हॅलो, कोण?" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तो मीच होतो. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही म्हणतात. साफ खोटं आहे.

आकाशात महिमा नाही, असं मी म्हणत नाही. होता. त्या नुसत्या, टोकदार, स्वच्छ ठिपक्यांत होता, आणि ते मला रोज दिसत होते. मला तेवढं पुरलं नाही. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून काचा घासणारा मी, देव मात्र मला धूसर आणि रंगीत हवा होता. आता वर बघतो तर तारे तसेच आहेत, एकही कमी नाही. मी प्रार्थनेला तोंड उघडतो आणि पुढचा शब्द येत नाही. क्षमा मागायची ती तिच्याकडे, आणि तिने तर आधीच 'नाही' म्हणून मोकळं केलंय. त्या 'नाही'खालून मला बाहेर पडता येत नाही.

तू इकडे येऊ नकोस. रजा आजच घे आणि डोळ्यांच्या इस्पितळात जा. हे पत्र कुरियरने पाठवतोय, उद्या पोचेल म्हणाला. हातात पडताक्षणी नीघ. लेझरने बारीकसं भोक पाडून दाब उतरवतात, घटकाभराचं काम. जे गेलं असेल ते परत मिळणार नाही, उरलेलं राहील. एकोणीस दिवसांत किती गेलं असेल, ते मला माहीत नाही. तोवर अंधारात बसू नकोस. घरातले सगळे दिवे लावून ठेव. संध्याकाळी आकाशाकडे बघत उभी राहू नकोस. कुठल्या बापाने लेकीला असं सांगावं?

गुडघे टेकलेस, ते माझ्या थापेवर टेकलेस. आता उठशील. पुन्हा टेकशील की नाही, ते विचारायचा हक्क मला नाही.

डॉक्टर तिसरा प्रश्न विचारतील तेव्हा हो म्हण. कधीपासून, ते तारखेसकट सांग. घरात कुणाला होतं का विचारतील. आईला होतं म्हण. वेळेवर का नेलं नाही विचारलं, तर कुणालाही पाठीशी घालू नकोस.

तुझ्या आईचे डोळे ज्याच्या भरवशावर होते, तो
अप्पा