तज्ज्ञबाईंचा खोकला

३ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर माझ्या तपासणीचा निकाल सांगितला, पण माफी मागायची वेळ आली तेव्हाच उबळ आली आणि तू घाईने फोन ठेवलास. बरोबर केलंस, डॉक्टर गाठणं आधी. माफी या पत्रातून मागते.

मला डांग्या खोकलाच झालाय. बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत या एकाच जंतूच्या मागे आहे आणि तो तीन आठवडे माझ्याच घशात मुक्कामाला होता. मी त्याला धुळीची ॲलर्जी म्हणत होते. त्याच खोकल्यानिशी येऊन तुझ्या पाच आठवड्यांच्या ठकीला मांडीवर घेतलं. खोकून ओकारी झाली तेव्हा तुझ्या बायकोने विचारलं, की ताई, स्वतःची तपासणी केलीत का. मी ऐकवलं, की यातलं मला थोडंफार कळतं. तिने लेक उचलली. मी फुगून बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जंतूही नव्या चालीचा निघाला. लस शरीराला त्याची काही प्रथिनं ओळखायला शिकवते. त्यातलं एक हा बनवतच नाही. पोलिसांकडच्या फोटोत मिशी आहे म्हणून चोराने मिशी उतरवावी तसं. अर्थात ठरवून नव्हे. ज्यांना मुळात मिशी नव्हती ते निसटले आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली. बाकीच्या खुणा शाबूत आहेत, म्हणून लस अजून कामाची. यावर मी भाषणं देत फिरते.

तुझी शहाणी,
ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न.

आम्ही सगळे औषध घेतोय. परवा ठकी दोनदा खोकली. आम्ही दवाखान्यात धावलो, हिच्या पायात दोन वेगळ्या चपला. तपासणीत तोच जंतू निघाला. तिला दवाखान्यातच नजरेखाली ठेवलंय. मला तुझा राग आलाय, हे लिहून टाकतो म्हणजे मनात राहणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की आईने गरोदरपणी लस घेतली होती का. सातव्या महिन्यात तू रोज फोन करून हिचं डोकं खाल्लंस, म्हणून घेतली होती. त्या म्हणाल्या, की आईकडून बाळाला मिळालेला तो मोठा आधार आहे. त्यावर ही म्हणाली, की ताईंचं ऐकावं, फक्त ताईंनीही ऐकायला हवं.

राग धरूनही तुझाच,
बारक्या

२० मार्च

प्रिय भावजयीस,

ठकी घरी आली, पोटभर दूध पिते, हे वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. रडण्यानेही उबळ येते, हे नवं ज्ञान.

आज बैठकीत माझ्याच नमुन्याची माहिती मांडली. साहेब म्हणाले, की रुग्णाची ओळख झाकता येईल. मी झाकली नाही. उशिराचं कारण लिहिलं, रुग्णाचा शहाणपणा. पहिला संशय कोणाला आला, या रकान्यात लिहिलं, भावजय. साहेबांनी विचारलं, की त्या डॉक्टर आहेत का. म्हटलं, नाही, पण तिला कान आहेत.

माझं औषध संपलं. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. तरी तू बोलावशील तेव्हाच येईन. तोवर लोभ असला तर ठेव, नसला तर थोडा उसना दे.

तुझी,
ताई