तपासायचा राहिलेला स्विच

अण्णा,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि गेल्या मंगळवारी मला तुमचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. अहमदपूरच्या घरात मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत बसलेय, तुम्ही टेलिफोनच्या केबली जोडून दमून आलायत आणि विचारताय, गॅस बंद केला का. मी मान वर न करता म्हणते, केला. तुम्ही स्वयंपाकघरात जाता, बटण बघता, परत येता. गॅस बंदच होता. तरी तुम्ही रागावलात. "बंद हाय. पण तू बघितलं न्हवतंस," एवढंच म्हणालात. मी बरोबर असून बोलणी खाल्ली म्हणून आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही.

मी आता नांदेडला एका मोठ्या दवाखान्याचे सर्व्हर सांभाळते. कुणाला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, कुणाचा रक्तगट कोणता, ही सगळी माहिती एका स्टोरेजमध्ये साठवलेली असते. दोन सर्व्हर ती तिथून घेऊन वॉर्डातल्या स्क्रीनवर दाखवतात. मधे दोन स्विच असतात, तुमच्या जोडणीच्या पेट्यांसारखे. प्रत्येक सर्व्हरमधून दोन वायरी निघतात, एक या स्विचला, एक त्या स्विचला. एक स्विच बंद पडला तरी दुसऱ्या वाटेनं काम चालू राहावं म्हणून. ही जोडणी उन्हाळ्यात मीच केली. तपासायचं म्हणजे एकेक स्विच मुद्दाम बंद करून बघायचा. मी दुसरा बंद केला, सगळं नीट चालू राहिलं. पहिला बंद करणार तेवढ्यात ओपीडी सुरू झाली, फोनवर फोन यायला लागले. मी कागदावर लिहिलं, दोन्ही बाजू तपासल्या, आणि सही केली.

मंगळवारी सकाळी त्या पहिल्या स्विचचा पंखा घरघरायला लागला. वर हात ठेववत नव्हता इतका तो तापला होता. लातूरहून आमचे साहेब फोनवर म्हणाले, बंद करून बदलून टाक, दुसऱ्या वाटेवर चालेल की. माझं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. मी टॉर्च घेऊन मागं वाकले, एकेक वायर बोटानं चाचपत गेले. एका सर्व्हरच्या दोन्ही वायरी त्याच तापलेल्या स्विचमध्ये घुसवलेल्या होत्या. मीच घुसवलेल्या. आणि आयसीयूच्या सगळ्या औषधांची माहिती त्याच सर्व्हरवरून जायची.

एसी चालू असताना मला दरदरून घाम फुटला. गुपचूप एक वायर काढून दुसऱ्या स्विचला लावली असती तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण काढताना सर्व्हर अडकला तर? आणि न काढता हा स्विच आत्ताच बंद पडला तर? मी साहेबांना परत फोन लावला. म्हटलं, "सर, पहिली बाजू मी तपासलीच नव्हती." त्या सर्व्हरवर काय काय आहे ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "वायरीला हात लावू नको. आधी वर आयसीयूत जाऊन सांग."

आयसीयूच्या मोठ्या सिस्टर उमरीच्या आहेत, कमी बोलतात. मी त्यांना सांगितलं, वायर बदलायचीय, स्क्रीन बंद पडू शकते. किती वेळ, त्यांनी विचारलं. माहीत नाही म्हटलं. त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. "अर्धा तास दे. सगळ्यांचं कागदावर उतरवून घेते."

तो अर्धा तास मी त्या स्विचसमोर स्टुलावर बसून काढला. घरघर जरा कमी झाली की वाटायचं, मेला. वाढली की वाटायचं, आता मरतो. वरून निरोप आला तेव्हा उठले. मी एक वायर काढली आणि दुसऱ्या स्विचमध्ये खटकन बसेपर्यंत दाबली. माझ्या समोरची स्क्रीन थिजली. मी आकडे मोजत होते. अकरापर्यंत काहीच हललं नाही. बारा म्हणायच्या आत पहिली ओळ सरकली. मग मी आधी करायला हवं होतं ते केलं. सगळ्या वायरी बोटानं शेवटपर्यंत तपासल्या आणि मगच पहिला स्विच बंद केला. वरचं सगळं चालू राहिलं.

साहेबांनी माझ्याकडून सगळं लेखी घेतलं. लातूरच्या दवाखान्याची नवी जोडणी माझ्याकडे येणार होती, ती दुसऱ्याला दिली. ते योग्यच झालं. पण भीती काही गेली नाही. कुठंही पंखा घरघरला की मी हातातलं काम टाकून बघायला जाते.

हे कुठं पाठवायचं नाही हे ठाऊक असूनही लिहितेय, कारण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बरं झालं, तुझ्या वेळेवर लक्षात आलं. न्हाईतर कुणाच्या तरी चुकीनं माझे पेशंट गेले असते." मी हो म्हणाले, अण्णा. नुसतं हो म्हणाले आणि जिना उतरले.